ताईच्या टाचा आणि आदिमानवाचा दगड

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला? (ते मान्य करत नाहीत, पण तो खोकलाच आहे.) इकडे सगळे मजेत. हिची कंबर धरली आहे, कारण पलंगाखालचं खोकं तिने एकटीने ओढलं. त्यात दगड आहेत हे तिला ठाऊक नव्हतं.

हो, दगड अजून आहेत. पाइपसाठी रस्ता खणताहेत, तिथे मी ऑफिसातून येताना रोज डोकावतो. मुकादम लांबूनच "आले दगडवाले!" म्हणतो आणि काम थांबवतो. खिशांची अस्तरं गेली. दगड धुऊन मी बाथरूमच्या खिडकीत वाळत ठेवतो, म्हणून "आंघोळीला माणसांनी जायचं की दगडांनी?" असं ही विचारते. त्यातलाच एक, तळहाताएवढा, एका बाजूने धार काढल्यासारखा, मी संग्रहालयातल्या बाईंना दाखवला. आजवर त्यांनी माझे दगड नुसते परत दिले होते. (एक तर फुटक्या बेसिनची कड निघाली. असो.) या वेळी त्यांनी भिंग लावलं, आणि बराच वेळ काढलं नाही. म्हणाल्या, "खरवडायचं हत्यार असू शकेल. धारेवर झळाळी आहे बघा. कातड्यावर खूप घासला गेलाय. पुढच्या महिन्यात समिती आहे, तेव्हा आणा. सापडल्यावर कुणी वापरला नाही ना?" मी छातीठोकपणे नाही म्हणालो. ताई, काचेच्या कपाटात, चिठ्ठीवर, माझं नाव!

घरी येऊन हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "कातड्यावर? अहो, वन्सं राहायला आल्या होत्या तेव्हा बाथरूम अडवून टाचा घासत बसायच्या, तो हाच की."

मी खचलेलो नाही. झळाळी जुनीच असणार. तुझ्या टाचा कितीही भेगाळलेल्या असल्या, तरी एका मुक्कामात दगड चकाकवण्याइतक्या नाहीत, असं माझं ठाम मत आहे. बाईंना खरं सांगणारच आहे, पण पुराव्यासकट.

तुझा,
दगडवाला

ता. क. काल पाठवलेल्या पार्सलात त्याच खड्ड्यातला, अगदी तसाच दुसरा दगड आहे. तो रोज टाचेला घास, नेहमीच्याच जोराने, आणि समितीच्या आधी परत पाठव. त्याला झळाळी आली नाही, तर आपण जिंकलो.

ता. क. २. पार्सल हिने बांधलं होतं. खिडकीत उरलेल्या दगडाला मला काही केल्या झळाळी दिसत नाही. पार्सल फोडू नकोस. फोडलं असशील तर घासू नकोस. आणि घासलाच असशील, तर तुझी टाच लागण्याआधीच तो चकाकत होता, एवढं लिहून दे.