काठीची लांबी

मंगळवार, २ जानेवारी

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, माझे गुडघे सोडून. तुझा चष्मा बदलून आला का? तुझ्या 'अहों'चा खोकला थांबला का? लेकीला नवी नोकरी मानवली का? सगळ्याची उत्तरं सविस्तर हवीत. फोनच केला असता, पण फोनवर तू "हं, हं" म्हणत राहतेस आणि अर्धं तुझ्यापर्यंत पोचलेलंच नसतं. म्हणून पत्र.

आधी गुडघ्यांचं सांगते. गेले दोन दिवस मी जमिनीवर रांगते आहे. हसू नकोस. आमच्या विज्ञान केंद्राचा पहिला खुला दिवस एकवीस तारखेला, रविवारी आहे. काचेआडून बघायचं नाही, हात लावून बघायचं. ज्याला हात लावला की केस ताठ उभे राहतात तो विजेचा गोळा, कोरड्या बर्फाचं धुरकट पिंप, तळहातावर नाचणारे साबणाचे बुडबुडे, आणि शेवटी मोठ्या सभागृहात प्रयोगांचा कार्यक्रम. पाच-सहाशे माणसं येतील म्हणतात. आणि कोणाला इजा होऊ नये हे कोणी बघायचं, ओळख पाहू? पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून घरी बसलेल्या तुझ्या ताईने.

केंद्राच्या प्रमुखांनी मला छापील तक्ते दिले. प्रत्येक प्रयोगाला एक पान. धोका काय, कोणाला, उपाय काय, पूर्वी असं काही घडलं आहे का, आणि खाली सह्या. भरलेलं पान त्या-त्या प्रयोगाशेजारी भिंतीवर लावायचं. मी म्हटलं, खुर्चीत बसून हे भरता यायचं नाही, पाच वर्षांच्या पोराला इथे काय दिसतं ते आधी मला बघू दे. आणि बसले की खाली. आमचा मेकॅनिक आहे, खिशात सदा पान्हा असतो म्हणून त्याला सगळे पान्हाच म्हणतात. तो म्हणाला, "बाई, काही हरवलंय का?"

"तुमची अक्कल," मी म्हटलं. "ही बघा, इथे लोंबतेय."

गरम शेगडीची वायर टेबलाच्या कडेवरून खाली आली होती, बरोबर माझ्या नाकासमोर. उभ्या माणसाला ती दिसतच नव्हती. पान्ह्याने वाकून पाहिलं, जीभ चावली, आणि मग तोही माझ्या शेजारी रांगायला लागला. दुपारी त्याने पाच वर्षांच्या मुलाच्या हाताएवढी एक लाकडी पट्टी कापून आणली. ती जिथवर पोचेल तिथवर गरम, गार, टोकदार काही ठेवायचं नाही. हातमोजे आणि चिमट्याशिवाय कोरडा बर्फ नको. छातीत पेसमेकर असलेल्या आजोबांना गोळा नको. सांडलेल्या साबणावर पाय नको. माझं नाव आता नकोबाई पडलं आहे. खरं सांगू, मला ते फार आवडलं आहे. पाय जमिनीवर ठरत नाहीत माझे.

शाळेतल्या प्रदर्शनाआधी आपलं असंच व्हायचं, आठवतं? सिस्टर लाद्या मेण लावून घासून घ्यायच्या आणि आपण मोजे घालून लांबच लांब घसरायचो. तुझ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू फासून मीच पांढरे करून द्यायची. तू बाकावर पाय हलवत बसायचीस आणि म्हणायचीस, "ताई, अजून पांढरे."

असो. सगळी पानं भरून झाली, फक्त सभागृहातल्या फुग्याच्या प्रयोगाचं राहिलं आहे. ते उद्या भरीन.

शुक्रवार, ५ जानेवारी

चिंगे, हे पत्र पर्समध्येच राहिलं. टपालपेटीपाशी दोनदा जाऊन परत आले. तिकीट नव्हतं असं लिहिणार होते. तिकीट होतं.

काल रंगीत तालीम झाली. प्रयोग करून दाखवणारी मुलगी नुकतीच डॉक्टरेट मिळवलेली, चुणचुणीत, बोलताना टाचा उचलते. शेवटचा प्रयोग हायड्रोजनच्या फुग्याचा. मेणबत्तीची ज्योत लावायची, की नारिंगी भडका आणि धडाम. ती म्हणाली, "पुढच्या रांगेतल्या एखाद्या छोट्या मुलीला दोरी धरायला देऊ. काय गोड फोटो येईल."

"नको."

"बाई, दोन सेकंदांचा तर प्रश्न."

"नको म्हटलं ना."

माझा आवाज असा निघाला की पान्हा शिडीवरून खाली उतरला. मुलगी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "नको ते ठीक, पण कारण सांगा. तक्त्यात रकाना आहे त्याचा." खरं होतं ते. 'पूर्वी असं काही घडलं आहे का?' मी तीन कोरे तक्ते वाया घालवले होते आणि तो रकाना तिन्हींवर रिकामा होता. मी तिथेच बसून चौथा भरला. जसं लिहिलं तसं खाली उतरवते.

"होय. एकोणपन्नास वर्षांपूर्वी, शाळेच्या प्रदर्शनात. प्रयोग करणारी विद्यार्थिनी चौदा वर्षांची. शिक्षिकेने सांगितलं होतं, मेणबत्ती लांब काठीला बांध आणि फुग्याची दोरी खुर्चीला. लांब काठी हलत होती, ज्योत फुग्याला लागेना, लोक हसायला लागले. विद्यार्थिनीने काठी गुडघ्यावर मोडून अर्धी केली आणि फुगा उंच दिसावा म्हणून दोरी आपल्या आठ वर्षांच्या बहिणीच्या हातात दिली. बहिणीचा डावा कान कायमचा गेला. ती स्वतःच पुढे धावली, असं विद्यार्थिनीने सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं."

आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "कार्टीला पुढे पुढे करायची हौस, त्यापायी कान घालवला." मावश्या म्हणाल्या, आत्या म्हणाल्या. आता तुझी लेकही चारचौघांत हसत सांगते. आणि तू हसतेस.

मला ती इस्पितळातली खाट दिसते. कानात कापूस, हातात अजून तुटक्या दोरीचं टोक. बाबांनी विचारलं, "तू पुढे का धावलीस?" तू माझ्याकडे बघितलंस. आणि म्हणालीस, "चुकलं माझं."

तेव्हापासून मी नेहमी तुझ्या उजव्या हाताला चालते. लोक म्हणतात, बहिणी-बहिणींचं प्रेम बघा. प्रेम आहेच गं. पण नुसतं प्रेम नाही.

मुलीने रकाना वाचला. मग विचारलं, "काठी किती लांब हवी?"

"तीन मीटर."

"हलेल ती."

"हलू दे. लोक हसले तर हसू देत."

पान्ह्याने आज ॲल्युमिनियमचे नळ जोडून काठी केली. दोरी वाळूच्या पिशवीला बांधली, खुर्च्या मागे सरकवल्या, सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारी झाकणं. ज्योत तीनदा चुकली. एकदा तर पडद्याकडे निघाली, तेव्हा पान्हा पाण्याची बादली घेऊन असा धावला की आम्ही सगळे खो खो हसलो, ती मुलगीही. चौथ्यांदा लागली. केवढा तो गोळा, चिंगे, छताखाली नारिंगी सूर्य उगवल्यासारखा. कोणाला काही झालं नाही. मी टाळ्या वाजवत उड्या मारल्या, या गुडघ्यांनी.

तक्त्याची प्रत सोबत आहे. तळाशी पूर्वीच्या घटनेच्या साक्षीदाराची जागा आहे. त्या दिवशी दोरीच्या दुसऱ्या टोकाला तूच होतीस. मी काही कमी-जास्त लिहिलं असेल तर खोडून दुरुस्त कर. सही करावीशी वाटली नाही, तरी ते पान तसंच भिंतीवर लागेल. माझी सही झाली आहे.

एकवीस तारखेला चार वाजता ये. लेकीला घेऊन ये. कार्यक्रमाच्या आधी तिला मी सगळं सांगणार आहे, तुझ्यासमोर, तुझ्या चांगल्या कानाला नीट ऐकू येईल अशा आवाजात. फुग्याच्या वेळी आत थांबायचं नसेल तर आपण दोघी बाहेर जाऊन उभ्या राहू. मला तो बघायचाच आहे असं नाही.

यायचं नाही असं ठरवलंस तरी दोन ओळी टाक. त्यात काहीही लिही. फक्त "चुकलं माझं" एवढं लिहू नकोस. ते आता माझं आहे.

काठी मोडणारी तुझी,
ताई