घंटागाडीवरचं भांडण

२ मार्च
पोस्टर लावून लावून दमले. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा – एवढंच तर सांगतेय! आमच्या गल्लीनं त्याच पोस्टरांत कचरा गुंडाळला आणि ओढ्यात फेकला. नगरपालिकेतले आमचे साहेब म्हणाले, "लोकांना सहभागी करून घ्या. महिनाअखेर गल्ली सुधारली नाही तर घंटागाडी बंद. आणि तुमचं कामही!" हसत म्हणाले. मला काही हसू आलं नाही.

४ मार्च
सुचलं! गाडीच्या भोंग्यावरचा तो गुळगुळीत आवाजाचा माणूस हटवायचा. रोज गल्लीतल्याच कुणीतरी बोलायचं. सुरुवात आमच्या आत्यापासून. तिला खरं तर भोंग्याचीही गरज नाही.

५ मार्च
अरे देवा! आत्याला म्हटलं होतं, दोन वाक्यं बोल. सकाळी अख्ख्या गल्लीनं ऐकलं – "ओला कचरा वेगळा ठेवा. आणि काही जणींनी डोकं ठिकाणावर ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कोटाची एक बाही आखूड होणार नाही!"

समोरच्या शिंपीणबाई दुकानाच्या दारात, हातात कात्री. आत्याच्या त्या कोटावरून दोघींचा अबोला आहे, मी शाळेत होते तेव्हापासून.

६ मार्च
शिंपीणबाई ऑफिसात हजर. "मलाही बोलायचंय. पर्यावरणावर." नाही कशी म्हणू? लोकसहभाग!

७ मार्च
"प्लास्टिक ओढ्यात टाकू नका. वर्षानुवर्षं कुजत नाही, काही बायकांच्या मनातल्या अढीसारखं. बाही आखूड नव्हती, हातच लांब होता!"

गल्ली हसून हसून बेजार. आत्या चहा न पिताच उत्तर जुळवायला बसली.

१३ मार्च
आता गाडी यायच्या आधीच लोक बादल्या घेऊन उभे! आज कोण कुणाला काय बोलणार? ड्रायव्हर पण वस्ताद. म्हणाला, "कचरा एकत्र दिसला तर भोंगा लावणार नाही." सगळे धूम ठोकून घरात. वेगळा करूनच बाहेर आले. इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते चुटकीसरशी!

२१ मार्च
ओढ्याचा तळ दिसला. तळाशी आमचाच जुना पाट निघाला. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

२६ मार्च
साहेब येऊन बादल्यांत डोकावून गेले. खूश! "काय जादू केलीत?"

घरी आले आणि एकदम रडूच कोसळलं. कसली जादू? दोन बायकांचं भांडण पेटतं ठेवून मी माझी नोकरी वाचवतेय. आत्यानं मला लहानाचं मोठं केलं, आणि तिला सगळ्या गल्लीत धड एक मैत्रीण नाही. बस्स. उद्या जाऊन मिटवते. मग बादल्या परत एक झाल्या तरी चालेल. नोकरी गेली तरी – ते नंतर बघू.

२७ मार्च
मन घट्ट करून दुकानात शिरले. तर आत्या आत! अंगात तोच कोट, शिंपीणबाई बाही उसवून लांब करतायत.

"मिटलं?"

"कधीच! पहिल्याच आठवड्यात," आत्या म्हणाली. "ओरडू नकोस, बाहेर ऐकू गेलं तर उद्यापासून कचरा परत एकत्र. बरं झालं आलीस, हिला उद्याचं काही सुचत नाहीये. माझ्या खोडी तुला पाठ आहेत, सांग तिला."

बसले. बऱ्याच निघाल्या.