सहानुभूती थांबवण्याबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
डोंगरमाथा शिक्षण प्रसारक मंडळ,
जि. अहिल्यानगर

अर्जदार: श्रीमती एस्तेर नॅथन उजागरे, उपशिक्षिका, प्राथमिक शाळा, करवंददरा

विषय: इयत्ता चौथीचा वर्ग परत मिळणे, वर्गातील फळा खाली घेणे आणि अर्जदाराविषयीची सहानुभूती तात्काळ थांबवणे याबाबत.

संदर्भ: मा. मुख्याध्यापकांचा तोंडी आदेश. (लेखी मागितला असता, "आजारी माणसाला लेखी काय द्यायचं" असे उत्तर मिळाले.)

महोदय,

१. अर्जदारास गेल्या दिवाळीनंतर ताकायासू आर्टरायटिस नावाचा आजार असल्याचे निदान झाले. तत्पूर्वी दोन वर्षे तिला अशक्तपणा, वय व टेन्शन ही कारणे सांगण्यात आली व टॉनिके पाजण्यात आली. या आजारात मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजून आतली वाट अरुंद होते. अर्जदाराच्या डाव्या हाताकडची मुख्य वाट जवळपास बंद आहे. रक्त आडवाटेने पोचते, पण मनगटावर नाडी लागत नाही. हात वर धरून काम केले की तो भरून येतो व बधिर होतो. अर्जदार डावखुरी आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. हे वाक्य अर्जदाराने आजवर इतक्या वेळा उच्चारले आहे की तिला त्याचा वीट आला आहे.

२. अर्जदाराने मुख्याध्यापक श्री. सहादेव टकले यांना खासगीत एकच विनंती केली होती, की चौथीच्या वर्गातला फळा दीड फूट खाली घ्यावा, म्हणजे हात खांद्याच्या वर न नेता लिहिता येईल. श्री. टकले यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी त्यांनी ही खासगी बाब ध्वनिक्षेपकावरून जाहीर केली व अर्जदारासाठी सर्व विद्यार्थ्यांना मान खाली घालून एक मिनिट स्तब्ध उभे केले. त्या वेळी अर्जदार पहिल्या रांगेसमोर जिवंत उभी होती. पहिलीतल्या काही मुली रडल्या. फळा मात्र जागचा हलला नाही.

३. तेव्हापासून अर्जदाराचे मनगट हे गावाचे प्रेक्षणीय स्थळ झाले आहे. सहकारी चहा पिता पिता नाडी शोधतात. पालक दाखला न्यायला येतात आणि जाता जाता हात बघून जातात. रविवारी चर्चमध्ये नाव घेऊन प्रार्थना होते, तिला हरकत नाही, कारण तिथे निदान डोळे मिटलेले असतात. पण प्रजासत्ताक दिनी आपण स्वतः झेंडावंदन उरकून आलात, अर्जदाराचा हात न विचारता हातात घेतलात, बराच वेळ दाबलात आणि सोबतच्या मंडळींना म्हणालात, "खरंच की हो." सदर हात शाळेचे साहित्य नाही. साहित्य नोंदवहीत त्याची नोंद आढळल्यास अर्जदार आपले म्हणणे मागे घेईल.

४. यानंतर अर्जदाराची काळजी म्हणून तिचा वर्ग काढून घेण्यात आला. तिला कार्यालयात जुन्या नकाशांच्या कपाटाशेजारी खुर्ची देण्यात आली. काम काय, असे विचारता श्री. टकले म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त बसून राहा." अर्जदार बसून आहे. चौथीची मुले त्या दारावरून जाताना चप्पल हातात घेतात, कारण त्यांना आवाज करू नका असे बजावले आहे. ज्या मुलांना ती पाढे ओरडून म्हणायला लावत असे, ती आता तिला घाबरतात. ही जखम आजाराने केलेली नाही. तिचे मानकरी आपण सर्व आहात.

५. फळा खाली का येत नाही, याचा खुलासा अर्जदाराने चिकाटीने मिळवला. तो फळा आपल्या कै. वडिलांच्या स्मरणार्थ मिळालेला असून त्यांचे नाव खालच्या कडेवर रंगवलेले आहे. फळा उतरवल्यास नाव बाकांमागे झाकले जाईल व आपणास वाईट वाटेल, असे श्री. टकले यांचे मत आहे. कै. दादासाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून अर्जदार नमूद करते, की ते वाचायला येत नाहीत. मुले येतात.

६. गोळ्यांमुळे अर्जदाराचा चेहरा सुजला आहे. त्यावर "तब्येत सुधारली" असा अभिप्राय मिळतो, आणि मागे वळताच "बिचारी" असा. या साऱ्या गावात खिचडी शिजवणाऱ्या बायडाबाई तेवढ्या ताळ्यावर आहेत. एकदा संतापाने अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले असता ती स्वयंपाकखोलीत जाऊन बसली. बायडाबाईंनी विचारले, "आत्ता दुखतंय का? न्हाई ना? मंग ही मेथी निवडा, लई पडलीया." अर्जदाराने मेथी निवडली. निदानानंतरचा तो तिचा सर्वांत बरा दिवस होता. मंडळाचे धोरण याच धर्तीवर असावे, अशी तिची सूचना आहे.

७. आता एक गोष्ट, जी अर्जदाराने कोणालाही सांगितलेली नाही. ती स्वतःही रोज सकाळी उठल्याबरोबर मनगटावर बोटे ठेवून नाडी शोधते. सापडत नाही. मग ती उठते, आवरते व शाळेत येते. हे तिला एकटीला करता येते. त्यात भागीदार नकोत.

८. हा हात किती वर्षे लिहिता राहील, हे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. औषधांनी आजार आटोक्यात राहील, कदाचित राहणार नाही. जेवढे लिहिणे या हातात शिल्लक आहे तेवढे चौथीच्या मुलांचे आहे, आणि आपण ते नकाशांच्या कपाटाशेजारी वाया घालवत आहात. मुलांचा भागाकार अर्धवट राहिला आहे. सबब सोमवार, दि. १७ पासून अर्जदार चौथीच्या वर्गावर जाईल. फळा खाली आलेला नसल्यास ती जमिनीवर बसून फरशीवर खडूने शिकवील. आपल्या मंजुरीची वाट पाहिली जाणार नाही. कारवाई करावयाची असल्यास ती लेखी करावी आणि त्यात "बिचारी" हा शब्द नसावा.

आपली आज्ञाधारक (सोमवारपर्यंत),

एस्तेर नॅथन उजागरे
करवंददरा, दि. १४ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१) तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र. "वर्गात शिकवण्यास हरकत नाही" या ओळीखाली लाल रेघ मारली आहे, कारण मागच्या वेळी ती कोणी वाचली नाही.
२) पाना, एक नग. फळ्याच्या चारही बोल्टांना हाच पाना बसतो, याची अर्जदाराने बाकावर चढून खात्री केली आहे. बोल्ट सुटेपर्यंत हात वर धरून ठेवावा लागतो, तेवढेच तिला जमले नाही.