पटाला वळण नसतं

प्रिय दामिनी,

तुझा व्हिडिओ मिळाला. त्याखाली तू लिहिलं होतंस, "पडले. काही नाही, हात मुरगळला फक्त." आणि पुढे एक हसणारं तोंड. मी तीन वेळा फोन लावला. एकदा रेंज नव्हती, एकदा तू कुत्र्यांना खाऊ घालत होतीस आणि तिसऱ्यांदा म्हणालीस, "बाबा, संध्याकाळी बोलू." ती संध्याकाळ अजून आलेली नाही. आज आठवा दिवस. शेवटी साकोलीला जाऊन जाड पाकीट आणलं आणि लिहायला बसलो. पोस्टातला माणूस म्हणाला, हिमाचलात इतक्या वर पत्र जायला सात-आठ दिवस लागतील, रस्ता बर्फानं बंद झाला तर त्याचा भरवसा नाही. तुझी शर्यत अठ्ठावीस तारखेला. म्हणजे पत्र वेळेत पोचेल अशी आशा आहे, आणि पोचलं तर तू ते शेवटपर्यंत वाचशील अशीही. बारावीच्या परीक्षेतसुद्धा तू प्रश्न अर्धाच वाचून उत्तर लिहायला घ्यायचीस.

तो व्हिडिओ तू बापाला पाठवलास की गावाला, हे मला अजून कळलेलं नाही. तुझ्या आईनं तो कैलाशला दिला, आणि कैलाशचं सलून म्हणजे तुला माहीत आहे. आता दाढीला येणारा प्रत्येक माणूस आधी तुला पडताना बघतो, मग गालाला साबण लावून घेतो. परवा मी गेलो तर कैलाश म्हणाला, "काका, पोरगी पडली बी तुमच्यावानीच, पाय वर अन् तोंड चालूच." सगळे हसले. मी अर्धी दाढी तशीच टाकून परत आलो आणि घरी आल्यावर तुझ्या आईनं विचारलं, अर्धवट चेहरा घेऊन काहून आले. डोमा तिथंच बाकावर बसला होता. आपल्या पटाच्या, बैलांच्या शर्यतींच्या दिवसांत सुटायच्या जागेवर जोडी धरून उभा राहायचा तो डोमा. आता त्याला नीट दिसत नाही, तरी फोन डोळ्याला लावून त्यानं पूर्ण पाहिलं आणि एकच विचारलं, "ना वेसन, ना कासरा. मंग जनावर आयकते कायनं?" मी म्हटलं, तोंडानं. तेवढ्यावर तो बराच वेळ मान हलवत राहिला.

कुत्र्यांनी माणसाला बर्फावरून ओढायच्या या खेळाला स्कीजोरिंग म्हणतात हे मी घरात निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. तुझी आई 'कुत्र्यायचा पट' म्हणते आणि तेच आता गावात रूढ झालं आहे. तिनं आणखी एक उद्योग केला आहे. घरातल्या दोन जाड चादरी फाडून तिनं तुझ्या कुत्र्यांसाठी दोन झुली शिवल्या, पोळ्याला बैलांवर घालतो तशा, काठाला आरसे लावून. मी म्हटलं, अगं, त्यांच्या अंगावर इतकी लोकर आहे की बर्फात झोपतात ते, मी डोळ्यांनी पाहून आलो. त्यावर म्हणाली, "थंडीसाठी नाही शिवली. नजर लागू नये म्हून शिवली." पार्सलही मलाच करावं लागणार आहे.

पण माझा खरा राग तुझ्यावर आहे, म्हणून मुद्द्याचं लिहितो. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते मोजलं नाही, पण फोन दिवसातून दोनदा चार्ज करावा लागला. जानेवारीत तुझ्याकडे दहा दिवस राहिलो तेव्हाच मला तुझी ही खोड दिसली होती. तेव्हा बोललो नाही, कारण तू मोठी झालीस, तुझी विद्या वेगळी, आणि तुम्हाला शिकवणारे नेगी सर बाजूला उभे होते. त्यांनी मला तिसऱ्या दिवशी त्या लांब पट्ट्यांवर उभं केलं, कमरेला पट्टा बांधला, त्याला तो ताणला जाणारा दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला तुझी कुत्र्यांची जोडी, म्हातारी पवनी उजवीकडे आणि लहाना झिपऱ्या डावीकडे. सरांना वाटलं म्हातारा दोन पावलांत आडवा होईल. मी पार खालच्या पुलापर्यंत उभा गेलो. सर विचारत होते, बर्फ कधी पाहिला नाही म्हणता मग हे कुठं शिकलात. चिखलणीच्या वेळी बैलांच्या मागं फळीवर उभं राहून ज्यानं चाळीस वर्षं धानाच्या बांध्या सपाट केल्या, त्याचे गुडघे आपोआप वाकतात. तूही त्याच फळीवर, माझ्या दोन पायांच्या मधे उभी राहून शिकलीस. म्हणून तिथं आलेल्या शहरातल्या पोरांपेक्षा तू लवकर उभी राहिलीस. उभं राहणं तुला आपल्याकडून मिळालं, आणि ती खोडही आपल्याकडूनच मिळाली.

तू ओरडतेस, दामिनी. सुटल्यापासून शेवटपर्यंत ओरडतेस. व्हिडिओत सुरुवातीपासून त्या मोठ्या देवदाराच्या वळणापर्यंत तू 'चाल' हा शब्द एकेचाळीस वेळा म्हणालीस. हे मात्र मी मोजलं. पटात ते चालतं. पटाचा रस्ता सरळ, एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत, सेकंदांचा खेळ. पटाला वळण नसतं. छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याला एकच शब्द यावा लागतो आणि तो जितक्या जोरानं म्हणाल तितकं बरं, बाकीचं काम हातातला कासरा करतो. मी पंधरा वर्षं तेच केलं. तू छकड्याच्या मागं धावत तेच ऐकलंस. पण तुझ्या हातात कासरा नाही. तुझ्या हातात त्या दोन काठ्या आहेत, आणि त्या दोघांपर्यंत तुझा पोचतो तो फक्त आवाज. तोच तू सगळा रस्ताभर उधळून टाकलास तर वळणावर उरतं काय?

आता व्हिडिओ पुन्हा लाव आणि देवदाराजवळ थांबव. तू 'डावी' म्हणालीस. बरोबर जागी म्हणालीस, मला मान्य आहे. पण त्याला लागूनच, श्वासही न घेता, पुन्हा 'चाल, चाल' म्हणालीस. झिपऱ्या वळला तो तुझं ऐकून वळला नाही. त्याच्यापुढे आधीच्या लोकांची वाट पडलेली होती, तो वाटेनं गेला. पवनीचा कान बघ. 'डावी'ला तिचा कान मागं आला, डोकं वळलं, आणि तेवढ्यात 'चाल' आलं. तिनं शेवटचा शब्द धरला आणि सरळ गेली. एक इकडे, एक तिकडे, मधे तू. नेगी सर म्हणतात ती आता थकली, तिला कमी ऐकू येतं. तूही मला तेच सांगितलंस. तिला चांगलं ऐकू येतं. जानेवारीत मी चुलीपाशी बसून खिशातला बिस्किटाचा पुडा उघडला, तर ती बाहेरच्या अंगणातून उठून आत आली होती. थकल्यामुळे तिला झिपऱ्याइतकं धावता येत नसेल, हे मी समजू शकतो. पण त्या वळणावर चूक तिची नव्हती.

हे सगळं मी फोनवर सांगू शकलो असतो, असं तू म्हणशील. तुझी आईही तेच म्हणते. ती आत्ता पाठीमागून दोनदा डोकावून गेली आणि म्हणाली, "एवढं काय लिहून राहिले, कादंबरी हाय काय." तिला सांगितलं, धानाच्या बियाण्याबद्दल लिहितोय. तिचा विश्वास बसलेला नाही.

तुझ्याशी शेवटचं नीट बोलणं झालं ते पडण्याच्या आधी, त्या रविवारी. तू म्हणालीस, पवनीला शर्यतीतून काढणार आहेस, तिच्या जागी नवीन कुत्रा जोडणार आहेस आणि तिला दिल्लीच्या कोणत्या तरी साहेबांकडे देणार आहेस. त्यांचं मोठं घर आहे, एसी आहे, मुलं आहेत. मग तू म्हणालीस, "बाबा, ती तिथं सुखात राहील." दामिनी, हे वाक्य मी कुठून ओळखतो ते आता तुला सांगतो. ते माझं आहे.

तू नऊ वर्षांची होतीस. आपले बैल चांद्या आणि लाल्या सलग तीन वर्षं पटात पहिले आले होते. चौथ्या वर्षी चांद्या मधेच डावीकडे लोकांत घुसला, छकडा उलटला, माझं खांद्याचं हाड मोडलं. कोणी मेलं नाही हे नशीब. सगळ्या गावानं म्हटलं, बैल बिघडला, आणि मीही म्हटलं. तुला सांगितलं की चांद्याला पवनी गावी सीताआत्याकडे पाठवलं, वैनगंगेच्या काठी चरतो, तिथं सुखात राहील. तू महिनाभर मागं लागलीस तेव्हा तुला पवनीला घेऊनही गेलो. तू रुमालात गुळाचा खडा बांधून नेला होतास. आत्यानं सांगितलं, तो नदीपलीकडे चरायला गेला, संध्याकाळी येईल, आणि आपली शेवटची बस चारची होती. तू गूळ आत्याकडे दिलास. बसस्टँडवर तू खिडकीत बसल्यावर आत्यानं तो रुमाल माझ्या खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता परत गेली. घरी येऊन मी तो गूळ लाल्याला चारला. लाल्या त्यानंतर दोन वर्षं गोठ्यात डाव्या बाजूला एका बैलाची जागा सोडून उभा राहायचा. तुला वाटायचं त्याला भिंतीजवळ उभं राहायला आवडतं.

चांद्या पवनीला कधी गेलाच नव्हता. माझा खांदा बांधलेला असताना एक जनावरांचा व्यापारी आला, मी दावं त्याच्या हातात दिलं आणि कुठं नेणार हे विचारलं नाही. विचारलं नाही कारण मला ते माहीत होतं. आणि ज्या कारणासाठी दिला तेही खोटं होतं. त्या दिवशी अर्ध्या वाटेत लोकांनी माझं नाव घेऊन ओरडायला सुरुवात केली. मी डावीकडे त्यांच्याकडे बघितलं आणि बघताना डाव्या हातातला कासरा ओढला गेला. चांद्याला डावीकडे यायला मी सांगितलं होतं. तो आला. हे मला जमिनीवर पडायच्या आधीच कळलं होतं. सतरा वर्षं मी हे तुझ्या आईला सांगितलं नाही, डोमालाही नाही. परवा सलूनमध्ये तो मान हलवत बसला तेव्हा मात्र वाटलं, त्याला पहिल्यापासून माहीत असावं.

जानेवारीत तुझ्या दारात उतरलो आणि तू त्या पांढऱ्या कुत्रीला हाक मारलीस, 'पवनी'. मी विचारलं, हे नाव काहून ठेवलं, तर तू हसून म्हणालीस, चांद्या जिथं सुखात होता त्या गावाचं ठेवलं. दहा दिवस मी तुझ्यासमोर जेवलो, झोपलो, बर्फावरून घसरलो, आणि मला सांगता आलं नाही. गाडीत बसताना सांगणार होतो, तर तू माझ्या मफलरची गाठ मारत होतीस. म्हणून हे पत्र. शर्यत कोणत्या कुत्र्याला घेऊन करायची ते तू आणि तुझे सर ठरवा, मला त्यातलं कळत नाही. पण पवनी बिघडली म्हणून तिला देऊ नकोस, आणि जिथं तू स्वतः जाऊन बघितलेलं नाही तिथं ती सुखात राहील असं कोणालाही सांगू नकोस. माझ्यावर रागव. महिनाभर फोन करू नकोस, चालेल, तशीही तू करत नाहीस. फक्त शर्यतीआधी एकदा तिला जोडून त्याच वाटेनं जा आणि देवदार येईपर्यंत तोंड बंद ठेव. मग एकदाच 'डावी' म्हण आणि गप्प राहा. त्याचा व्हिडिओ मला पाठव, कैलाशला मी दाखवणार नाही. झुलींचं पार्सल याच्यासोबतच टाकतो आहे. तुझ्या आईनं दोन शिवल्या आहेत, आणि मोठी आहे ती पवनीच्या मापाची. माप मीच सांगितलं.

तुझाच,
बाबा