व्हरांड्यातली पारख

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले, पोट ठीक आहे. भाऊजींना सांग, मला अजून कुणी खाल्लेलं नाही. इथे फोन लागत नाही. आठवड्याचा किराणा आणणारा ड्रायव्हर शहरात जाऊन पत्रं टाकतो, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस.

बालगृह म्हणजे एक बैठी इमारत, पत्र्याचं छप्पर, पुढे लांब व्हरांडा आणि लोखंडी फाटक. मागच्या पुरात इकडची गावंच्या गावं वाहून गेली, त्यातली ही मुलं. सगळं चालवणाऱ्या मोठ्या बाई मोजकं बोलतात. माझ्याहून लहान आहेत, तरी मला त्यांचा धाक वाटतो. मुलं मात्र इतकी बुजरी, की फाटक वाजलं की सगळी खाटांखाली! माझा सगळा जन्म बालवाडीत रडकी पोरं कडेवर घेण्यात गेला, मला हे कसं बघवणार? आल्या दिवसापासून कामाला लागले. कुणी आलं की हात धरून आत आणायचं, शेजारी बसायचं, हसायचं, असे खेळच बसवले. सगळ्यात धाकटी आहे तिला मी भिंगरी म्हणते, कारण ती एका जागी ठरत नाही. काल ती चक्क किराण्याच्या ड्रायव्हरच्या मांडीवर चढली. तो बिचारा नव्या नवरीसारखा लाजला. माझा तर ऊर भरून आला, ताई.

लोभ आहेच, त्यात काळजीची भेसळ करू नये ही विनंती.

तुझी,
धाकटी


ता. २० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ह्यांनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि त्या ‘अजून’वर हसत बसले. मला काही हसू आलं नाही. साठी उलटली की माणसं गुडघ्यांना तेल चोळत घरी बसतात, तू परमुलखात निघून गेलीस. 

एक गोष्ट खटकली. ती मुलं कुणी आलं की लपतात, ती उगाच लपत असतील का गं? मोठ्या बाईंना विचारलंस का? नसशीलच. आधी हात घालायचा आणि मग विचारायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड.

आशीर्वाद आहेतच. तू जपून राहिलीस तर ते कामी येतील.

तुझी,
ताई


ता. ९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच्या किराण्याच्या गाडीने आलं. थोडं आधी आलं असतं तर! घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

मंगळवारी काळ्या काचांची मोठी गाडी फाटकाशी थांबली. इस्त्रीचे कपडे घातलेला एक माणूस उतरला आणि म्हणाला, मी भिंगरीचा मामा. पुरानंतर कागदपत्रं कुणाकडेच उरली नाहीत, मग मोठ्या बाई माणसाची पारख कशी करतात ते मला त्या दिवशी कळलं. आलेल्याला व्हरांड्यात बसवायचं, मूल दारात सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. मूल लपलं तर माणूस परका, आपणहून गेलं तर आपला. भिंगरी धावत गेली आणि त्याच्या मांडीवर चढली. त्याने तिला छातीशी धरलं. मोठ्या बाईंनी डोळे पुसले, महिनाअखेरीस येऊन घेऊन जा म्हणाल्या. आणि मी टाळ्या वाजवल्या, ताई!

गाडी गेल्यावर पाण्याचा पंप दुरुस्त करणारा आला. भिंगरी त्याच्याही मांडीवर तश्शीच चढली. म्हणजे ती मामाकडे गेली नव्हती, मी शिकवलेला खेळ खेळली होती.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. शेजारच्या बालगृहातून अशाच एका गाडीने दोन मुलं नेली, त्यांचा पुन्हा ठावठिकाणा लागला नाही म्हणाल्या. दिलेला शब्द कारणाशिवाय मोडता येत नाही. मोडला तर तो चार माणसं घेऊन येईल, आणि पोलीसचौकी इथून दिवसभराच्या वाटेवर. शेवटी असं ठरलं की तो आला की पारख पुन्हा करायची, आणि तोवर मुलांना परक्याला भ्यायला शिकवायचं. मोठ्या बाईंना मुलं पहिल्यापासून ओळखतात, भिणार नाहीत; मी नवी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. तोंडाला फडकं गुंडाळून मी फाटकातून येते, ओरडते, दंड धरून ओढते. पहिल्यांदा भिंगरीने फडक्याआडही मला ओळखलं आणि ती हसली. मग मी आणखी जोरात ओढलं.

भीती वाटते गं. त्या गाडीची, आणि माझ्या शहाणपणाची त्याहून जास्त.

लोभ असू दे, मी त्याला पात्र असो वा नसो.

तुझी,
धाकटी


ता. २ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. तो आला, त्याच गाडीतून. मोठ्या बाई म्हणाल्या, पुन्हा एकदा बसावं लागेल. तो मुकाट्याने बसला. मी आत कडी घातलेल्या खिडकीशी, हातात स्वयंपाकघरातला बत्ता घेऊन उभी. हसू नकोस.

भिंगरी दारात आली, चौकट घट्ट धरून उभी राहिली. त्याने तिचं नाव घेऊन हात पुढे केले. तिचा फ्रॉक ओला झाला. मग अशी किंचाळली की मीच दचकले, आणि पळत जाऊन खाटेखाली शिरली. मोठ्या बाईंनी नाही म्हणून सांगितलं.

मला वाटलं, आता हा आरडाओरडा करणार. त्याने केला नाही. खाली मान घालून बसला आणि एवढंच विचारलं, की मागच्या वेळी आली होती, मग आता माझं काय चुकलं? मग गेला.

सुटलो म्हणून मी आधी रडले. मग भिंगरीला जेवायला बोलवायला खाटेखाली वाकले आणि मनात आलं, हा खरंच मामा असला तर? आधी मी तिला कुणाहीकडे जायला शिकवलं, मग कुणाकडेच न जायला. आता त्या व्हरांड्यातून खरं कधीच कळायचं नाही. खरा असला तर त्याचं उरलंसुरलं माणूस मी तोडलं, आणि खोटा असला तर तो पुन्हा येईल. अन्न गोड लागत नाही.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. १७ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. ह्यांनीसुद्धा हसणं टाकलं. ताबडतोब घरी ये, असंच लिहायला बसले होते. पण तू अशी आलीस तर जन्मभर त्या खाटेखालीच डोकावत राहशील.

उंटावरून शेळ्या हाकते म्हण, पण ऐक. त्याला निरोप धाडा की मुलगी देणार नाही, पण दर रविवारी येऊन व्हरांड्यात नुसतं बसता येईल. पळवायला आलेला माणूस बसायला कशाला येईल? ज्याचं माणूस आहे तोच येईल. फाटकाला मात्र कुलूप ठेवा, आणि तू एकटीने बाहेर जाऊ नकोस.

तुझ्या वाटचा लोभ इथे जपून ठेवला आहे. घेऊन जायला ये.

तुझी,
ताई


ता. २४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ड्रायव्हरकरवी निरोप धाडला. रविवारी पुन्हा बत्ता घेऊन खिडकीशी उभी राहिले. तो चालत आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. एका मोठ्या घरी बागकाम करतो म्हणे. गाडी आणि कपडे मालकाकडून मागून आणले होते, कारण पायी आलेल्या माणसाच्या हाती मूल कोण देणार? खरंखोटं अजून ठाऊक नाही. पण दर रविवारी येतो, पायरीवर बसतो, हाक मारत नाही. भिंगरीला धीर यावा म्हणून मीही त्याच्या शेजारी बसायला लागले.

परवाच्या रविवारी ती उंबऱ्यापर्यंत आली. त्याच्याकडे बघत राहिली. एक पाय बाहेर टाकला. मग तिची नजर माझ्यावर पडली आणि ती ओरडत खाटेखाली पळाली. त्याला नाही गं, मला बघून.

मोठ्या बाईंनी मग सांगितलं. आदल्या रविवारी मी तापाने पडून होते, तेव्हा ती बाहेर येऊन पायरीच्या टोकाला बसली होती. माझ्या मनाला लागेल म्हणून कुणी बोललं नाही.

म्हणून मी निघते आहे, येत्या रविवारच्या आत. भाऊजींना विमानतळावर यायला सांग, दिवस ड्रायव्हर शहरातून फोन करून कळवेल. तो खोटा निघाला तर मी इथे नसेन, या विचाराने अजून घाम फुटतो. पण मोठ्या बाई आहेत, फाटकाला कुलूप आहे.

भिंगरीचा निरोप घेणार नाही. मागच्या दाराने जाईन, म्हणजे तिला लपावं लागणार नाही.

लोभ आहे ना अजून? आता फार लागेल.

तुझी,
धाकटी