उजवा हात

देरा, दुबई
२३ नोव्हेंबर १९९९

प्रिय प्रज्ञा,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न होते. नुसत्या संशयावरून पोलिसाला रस्त्यातला माणूस अडवता येतो का, हा तुझ्या वकिलीच्या अभ्यासाचा. आणि बाबा चार वर्षं घरी का आले नाहीत, हा घरचा. दुसरा तू बापाला न विचारता त्याच्या खोलीत राहणाऱ्या काकाला विचारलास, तेव्हाच तू वकील होणार हे मी ओळखलं. पण आधी पहिला घेतो, कारण त्याचा छंद मलाही लागलाय.

इथं पोलीस अडवतो आणि 'वेन बताका?', म्हणजे इथं राहायच्या परवान्याचं कार्ड कुठंय, एवढंच विचारतो. वर्षभरात मला अकरा वेळा अडवलं. विष्णूला, तुझ्या बाबाला, एकदाही नाही. दोघंही चिपळूणचे, दोघांचे शर्ट एकाच दुकानातले, मग मलाच का? मी प्रयोगच मांडला. इस्त्री केली, दाढी केली, पिशवी खोलीवर ठेवली, रस्ता बदलला, तरी अडवलंच. विष्णू मात्र पोलीस दिसला की सरळ त्याच्याकडे जाऊन सलाम ठोकतो, किती वाजले विचारतो आणि पुढं निघतो.

शेवटी इथल्या करामा भागातल्या एका दुकानाच्या काचेत मला उत्तर सापडलं. समोरून पोलीस येत होता आणि माझा उजवा हात आपसूक खिशाकडे चालला होता, कार्ड आहे ना हे चाचपायला. कार्ड खरं, मुदत शिल्लक, तरी मी अगदी चोरासारखा दिसत होतो. तू लिहिलंस ना, संशयाला डोळ्यांना दिसणारं कारण हवं? ते होतं. संशय वाजवीच होता, फक्त चुकीचा होता.

तुझ्या आईचंही तसंच. चार वर्षं नवरा येत नाही म्हटल्यावर प्रभावतीवहिनींना इथं दुसरा संसार दिसणारच. पण तसं कुणी नाही गं पोरी. त्याची कंपनी बुडाली, मालक सगळ्या कामगारांचे पासपोर्ट घेऊन पळाला आणि विष्णूच्या कार्डाची मुदत तेव्हाच संपली. विमानतळावर गेला असता तर तिथंच धरला असता, आणि घरी पैसे पाठवणंही थांबलं असतं. घरी कळवायचं नाही म्हणून त्यानं मला तुझी शपथ घातली होती. ती आज मोडतोय.

गेल्या शुक्रवारी आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो. समोर पोलीस दिसला आणि सगळं ठाऊक असूनही माझा हात खिशाकडे गेला. पोलीस माझ्याकडे आला, कार्ड पाहून परत दिलं, मग शेजारी उभ्या विष्णूकडे वळला. विष्णूनं सलाम केला, पण किती वाजले ते विचारायला त्याला सुचलं नाही. काल त्याला जेलमध्ये भेटलो. कागद झाले की दोन-तीन आठवड्यांत घरी पाठवतील. तो हसत म्हणाला, धन्या, मला चार वर्षांत जमलं नाही ते तुझ्या हातानं केलं. मला काही हसता आलं नाही. वहिनींना हे तूच नीट समजावून सांग. आणि तो दारात आला की त्याला कुणी अडवू नका, काही विचारू नका, नुसतं आत घ्या.

तुझाच,
धनंजयकाका