तुझ्या लॅपटॉपात मी बसवलेलं

गुरुवार, बारा तारीख, सकाळ

चि. ठकू,

आशीर्वाद, खुशाली सगळं पुढे आहे. आधी लॅपटॉप बंद कर. बँकेचं पान उघडं असेल तर तसंच राहू दे, वायफाय तोड आणि सरळ बटण दाबून बंद कर. केलंस? आता बस आणि वाच.

पत्र घेऊन आलेत ते आपले शेजारचे पाववाले काका. शाळेला उशीर झाला की तू त्यांच्या व्हॅनमध्ये पावाच्या ट्रेंमध्ये अंग चोरून बसायचीस, तेच. त्यांना बजावून ठेवलंय, तिचं वाचून होईपर्यंत दारातून हलायचं नाही आणि मग तिला तडक बँकेत पोचवायचं. त्यांची फेरी तुझ्या गावावरून जाते म्हणून निभावलं. मी आलो असतो तर तू दार उघडलं नसतंस.

फोन का नाही केला, म्हणशील. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलायस. काकांच्या फोनवरून केला, तू उचलला नाहीस. मग त्याच फोनवरून मेसेज टाकला, 'मी बाबा. बँकेचा पासवर्ड ताबडतोब बदल, लॅपटॉपवरून नको.' तर तुझं उत्तर: 'असले मेसेज कसे ओळखायचे ते माझ्या बाबांनीच मला शिकवलंय. पुन्हा पाठवलात तर पोलिसांत देईन.' आणि तोही नंबर ब्लॉक! शाब्बास! जन्मभर कॅश काउंटरमागे बसून लोकांना हेच सांगत आलो, आणि एकुलत्या एका पोरीने ऐकलं ते नेमकं आज. कपाळाला हात लावला मी. तुझ्या शाखेच्या मॅनेजरबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, 'वडील असाल, पण खातेदाराने स्वतः यायला हवं.' बरोबर बोलल्या. मीही हेच बोललो असतो, जरा जास्त खेकसून.

म्हणून हे हाताने. माझं हे कोंबडीच्या पायांचं अक्षर तू कुठेही ओळखशील.

तर गोष्ट अशी आहे. तुझ्या लॅपटॉपात एक प्रोग्राम आहे. कीबोर्डवर तू जी कळ दाबतेस ती आणि पडद्यावर जे दिसतं ते, सगळं तो टिपतो आणि चोरांना पाठवतो. नाव, पासवर्ड, सगळं. फोनवरचे मेसेज तू लॅपटॉपवरही उघडे ठेवतेस, त्यामुळे बँकेचा ओटीपीसुद्धा त्यांना दिसतो. हे चोर घाईतले नाहीत. खातं भरायची वाट बघतात, आणि तुझ्या नव्या क्लिनिकचं कर्ज तुझ्या खात्यात उद्या जमा होतंय. ते गेलं तर क्लिनिक गेलं, आणि हप्ते मात्र तुझ्याच बोकांडी.

कर्जाचं बाबांना कसं कळलं, हे तुझ्या मनात आलंच असेल. थांब जरा. आधी काय करायचं ते ऐक.

पासवर्ड त्या लॅपटॉपवरून बदलायचा नाही. मुळीच नाही! तू बदलशील आणि नवाकोरा त्यांच्या हातात पडेल. शाखेत जा, ओळखपत्र ने, ऑनलाइन व्यवहार बंद करून घे. कर्ज जमा झालं तरी नेटवर खातं उघडू नको. मेलचा पासवर्ड बँकेतल्या मशीनवरून नाही, तुझ्या आत्ताच्या दवाखान्यातल्या मैत्रिणीच्या मशीनवरून बदल, आणि मेलचा आधी, बाकीचे नंतर, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या मेलमध्येच येतात. लॅपटॉप पुसून पुन्हा भरायला दे. दुरुस्तीवाला म्हणेल, 'ताई, एक स्कॅन मारतो, होऊन जाईल.' त्याचं ऐकू नको. पूर्ण पुसायला लाव.

आता ते दुसरं. पुढचं दोन वेळा लिहून फाडलं.

मागे आलीस तेव्हा आंघोळीला जाताना म्हणालीस, 'बाबा, लॅपटॉप जरा चार्जिंगला लावा ना.' मी चार्जिंगला लावला, आणि हेही लावलं. नेटवर फुकट मिळालं होतं. बसवताना अँटिव्हायरस आडवा आला, तर त्याला मीच बाजूला सारलं. तुझ्या सुरक्षेसाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. तुझ्यावर नजर ठेवायला लावलं. त्याच दुपारी तुला तोंडावर म्हणालो की तो तुझा फोटोवाला मित्र तुझ्या पैशांवर डोळा ठेवून आहे, आणि तू दार आपटून गेलीस. डोळा सकाळीच ठेवून झाला होता, आणि तो माझा होता.

तेव्हापासून रोज सकाळी मला मेल यायची, तू काल काय काय टाइप केलंस त्याची. पेपर बाजूला ठेवून चहाबरोबर ते वाचायचो मी. लाज वाटते लिहिताना. फोटोवाल्याने तुझ्याकडून एक छदामही घेतला नाही, उलट क्लिनिकच्या भिंती तो स्वतः रंगवतोय, हे कळल्यावरही वाचतच राहिलो. तू बोलत नव्हतीस. तेवढीच तू घरात असल्यासारखी वाटायचीस.

काल माझ्याच खात्यातून मी न केलेला व्यवहार निघाला. आमच्या बँकेतला दाढीवाला, तो आता असल्या भानगडींचा तपास करतो, त्याला बोलावलं. त्याने माझी मशीन उघडली आणि तुझ्या नावाच्या त्या मेल एकेक करून बघितल्या. मग म्हणाला, 'साहेब, तुम्हाला येते ती नक्कल. मूळ प्रत आधी त्यांच्याकडे जाते. तुमची मशीनही त्यांनी त्यातूनच पोखरली.' माझ्याकडे न बघता चप्पल घालून निघाला. इतकी वर्षं एकत्र डबा खाल्ला आम्ही, आणि जाताना येतो म्हणाला नाही.

आणखी एक. खोडलेलंही त्यात येतं, ठकू. रविवारी तू मला मेल लिहायला घेतलीस. 'बाबा, क्लिनिक सुरू होतंय. पहिला पेशंट कोण येईल माहीत नाही, पण पहिल्या दिवशी दारात तुम्ही हवेत.' मग एकेक अक्षर खोडून टाकलंस. मी ते दहादा वाचलं आणि रडलो. पण तू ते मला दिलेलं नाहीस, मी उचललंय. तेव्हा मी ते वाचलेलंच नाही. आपणहून येणार नाही. बोलवावंसं वाटलं तर काय लिहायचं ते तू नव्याने ठरव, आणि नाही वाटलं तर मी समजेन.

नवा पासवर्ड घेशील तो मला माहीत असलेल्या कशावरून घेऊ नको. तुझी जन्मतारीख, आपला जुना पत्ता, कुत्र्याचं नाव, काही नको. मला अंदाजसुद्धा येता कामा नये, असा घे.

जा आता. काका थांबलेत. पाणी पिऊन जा.

तुझा पासवर्ड सगळ्यांत आधी ज्याच्यापासून जपायला हवा होता, तो तुझा
बाबा